ळ

रात्री दहानंतर स्टेशनात मी एकटा.
मी, एसी, आणि एसीवर विश्वास नसलेला एक पंखा.
सर्व्हर इंदूरला. गाणी तिथून येतात,
शाळेतल्या रांगेसारखी, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून,
चोवीस शहरांत एकाच वेळी.
मी सुई बघतो. हिरव्यात आहे. हिरव्यात आहे.

आधी आम्ही 'तापी तरंग' होतो.
बोर्ड निळा, कोपऱ्यात एक शिडाची होडी,
तापीत तसली होडी कुणी पाहिली नव्हती, पण होती आमची.
मग दोन पोरं आली, भिंती मोजून गेली,
आणि आता 'रेडिओ झणका':
दार नारिंगी, कप नारिंगी, सपकाळे शिपायाचा टी-शर्टसुद्धा नारिंगी,
त्यांच्या पोटावर ते नाव जरा ताणलं जातं.

मुबारक तडवी सावद्याहून केळी भरून निघतो.
म्हणाला, पूर्वी मुक्ताईनगर सोडलं की तुमचा आवाज खरखरायचा,
तेव्हा कळायचं, घर मागे राहिलं.
आता खरखर संपते आणि पुढच्या शहरात तोच पोरगा,
तेच गाणं, तिथूनच पुढे.
गाडी चालते फेगडेभाऊ,
निघाल्यासारखं वाटत नाही.

मे महिन्यात भुसावळ शेहेचाळीसवर,
आणि तो पोरगा सांगतो, काय मस्त हवा पडलीय, खिडक्या उघडा!
इथे खिडकीच्या दांडीला हात लावला तर कातडं राहील.

हेही चाललं असतं.
पण दर तासाला शहराचं नाव येतं.
एका माणसानं एका दुपारी कागदावरून
चोवीस नावं वाचली म्हणे, मध्ये एकदाच पाणी प्यायला.
आमच्या ओळीवर आला आणि म्हणाला:
जलगाव.

मी तक्रार लिहिली. फॉर्ममध्ये रकाने होते:
आवाज कमी, आवाज जास्त, आवाज नाही.
मी 'इतर' वर खूण करून लिहिलं, एक अक्षर येत नाही.
तीन दिवसांनी उत्तर आलं:
तपासले. सिग्नल उत्तम आहे.

कुमुद भिरूड असती तर हसली असती.
बारा वर्षं सकाळी बाजारभाव वाचायची,
जीभ टाळ्याला अशी लावायची
की धान्याची रास डोळ्यांपुढे उभी राहावी.
नव्या फॉर्मॅटमध्ये बाजारभाव बसले नाहीत.
सध्या साड्यांच्या सेलची रिक्षा फिरते ना, त्यात ती असते, कॅसेटवर.

तिच्या जुन्या फाइली मी पुसल्या नव्हत्या.
पुसा म्हणाले होते.
शहराचं नाव तेवढं आमच्या मशीनवर राहतं, बाकी सगळं तिकडचं.
परवा रात्री दीड वाजता तिची तूरडाळ उघडली,
भाव कुठल्या तरी जुन्या मंगळवारचा,
आणि डाळीतून ळ काढला.
सेकंदाचा दहावा हिस्सा. थोडा श्वास चिकटून आला, तो राहू दिला.
त्या माणसाचा ल कापला,
तिथं हिचा ळ बसवला.
पहिल्यांदा नीट बसला नाही, जवळगाव ऐकू आलं.
चौथ्यांदा बसला.

आता दर तासाला पुरुषाच्या आवाजात
एक बाई डोळे मिचकावण्याइतका वेळ येऊन जाते.
इंदूरला कुणाला कळलं नाही.
सिग्नल उत्तम आहे.

काल मात्र फोन वाजला. आमचा लँडलाइन
अजून कुणाजवळ आहे हेच मला ठाऊक नव्हतं.
पारोळ्याकडची म्हातारी, मागे बकरी ओरडत होती.
म्हणाली, भो, आज गावनं नाव बराबर लिधं.
मी म्हटलं, हो माय.
थोडी थांबली, मग म्हणाली,
मंग मन्हं गानं कव्हय लावशात?

सुई हिरव्यात होती.
गाणं माझ्या हातात नव्हतं.
मी विचारलं, कुठलं गाणं?
आणि ती फोनवरच म्हणू लागली,
मी कागद ओढून लिहून घेत राहिलो,
वरच्या तासाला अजून अकरा मिनिटं होती.